लंगोटाखालची गाठ

अण्णांनी स्वतःची दाढ स्वतः उपटली तेव्हा मी डबा घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. बंगलोरच्या शिवाजीनगरातल्या एका गल्लीत आमचा कारखाना होता. कारखाना आपला म्हणायचा. पत्र्याची शेड, एक भट्टी आणि एक ऐरण. लॉऱ्यांच्या आणि बसच्या स्प्रिंगचे बसलेले, मोडलेले पाटे तापवायचे, ठोकायचे आणि त्यांना पुन्हा वाक आणून द्यायचा, हे माझ्या वडिलांचं आणि त्यांच्या धाकट्या भावाचं काम. त्या दिवशी वडिलांचा गाल सुजून पार डोळ्यापर्यंत चढला होता. मला पाहून ते "थांब स्वल्प", म्हणजे थांब जरा, एवढंच म्हणाले, बारीक सांडशी उचलली, भिंतीला डोकं टेकवलं आणि ओढली. पहिल्या वेळी दाढेचा तुकडाच हाती आला. मग त्यांनी सांडशी पुन्हा आत घातली. रक्त हनुवटीवरून छातीच्या केसांत उतरलं. दाढ निघाली तशी त्यांनी ती भट्टीत भिरकावली, तोंडात मीठ कोंबलं आणि विचारलं, "काय आहे डब्यात?"

चिक्कप्पा बाजूला उभे राहून हसत होते. वडिलांच्या धाकट्या भावाला आम्ही कानडीतलं चिक्कप्पाच म्हणायचो. आमचं घराणं कित्येक पिढ्या बंगलोरात मुरलेलं, त्यामुळे घरात मराठी बोललो तरी निम्मी नाती कानडी होती. चिक्कप्पा थोरल्या भावाला अण्णा म्हणत, म्हणून वडील आमचेही अण्णाच झाले. आणि अण्णा त्यांना हाक मारत ती 'तम्मा', म्हणजे धाकट्या भावा.

दोघंही गरडीतले, म्हणजे तालमीतले. पहाटे लाल मातीत एकमेकांना आपटायचे आणि दिवसभर लोखंडाला. कारखान्यात कुणाचा हात भाजला तर त्यावर भट्टीची राख चोळत. मांडीवर गळू झालं तर चाकू लाल करून स्वतःच फोडत. एकदा लॉरीचा पाटा निसटून चिक्कप्पांच्या पायावर पडला आणि अंगठ्याचं नख उभं राहिलं. त्यांनी ते दातांनी ओढून काढलं आणि कामगारांना दाखवलं. कामगारांनी शिट्ट्या मारल्या. डॉक्टरकडे जाणं हे बायकांचं आणि पोरांचं काम, असं कुणी तोंडानं म्हणत नसे. म्हणायची गरजच नव्हती.

मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गात होते त्या वर्षी अण्णांचा राग वाढला. ते आधीही काही शांत नव्हते. पाटा चोरीचा असल्याची शंका आली म्हणून त्यांनी एका लॉरी ड्रायव्हरला बाहेरच्या नळावर आपटलं होतं. पण हा राग निराळा होता. भाकरी जरा कडक लागली तर ताट भिंतीवर जायचं. माझ्या भावानं जिन्यावरून उडी मारली म्हणून त्याला पट्ट्यानं मारलं, आणि मारताना स्वतःच घामानं निथळले. मधेच थांबून पोटाखाली हात दाबून उभे राहिले. आई म्हणाली, "काय होतंय?" तर तिच्या अंगावर धावले, "काय व्हायचंय मला? तुला काय दिसतंय?"

कारखान्यातही तेच. लोखंड ठोकताना अण्णा छोट्या हातोड्यानं जागा दाखवत आणि चिक्कप्पा त्या जागी घण मारत. एका सकाळी चिक्कप्पांचा घाव बोटभर चुकला. अण्णांनी हातोडा टाकला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. चाळिशीला आलेला माणूस, दोन मुलांचा बाप. ओठ पुसून त्यांनी पुन्हा घण उचलला. थोरल्या भावापुढे मान वर करायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं. मला त्या दिवशी अण्णांचा तिटकारा आला. हा माणूस कुणाशी लढतोय, हे तेव्हा आम्हाला कुणालाच कळत नव्हतं.

मग तो सोमवार आला. माझ्या शाळेला सुट्टी होती. सकाळीच चिक्कप्पांनी आणि एका कामगारानं अण्णांना दोन्ही बाजूंनी धरून घरी आणलं. लॉरीच्या पाट्यांचा आख्खा जुडगा एकट्यानं उचलायला गेले आणि गुडघ्यांवर बसले, असं कामगार सांगत होता. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला होता. अंगणात पाऊल टाकताच त्यांना हिरवट उलटी झाली. आई पाणी घेऊन धावली. त्यांनी तांब्या लाथेनं उडवला, दोघांचे हात झटकले आणि मागच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली.

आतून जे आवाज यायचे ते मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. बैलाला डाग देताना तो ओरडतो तसा आवाज, मधेच दाबून टाकलेला. आई दार बडवत होती. "उघडा हो! काय झालंय ते तरी सांगा!"

चिक्कप्पा भिंतीला टेकून उभे होते. ते हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, त्याच्या जांघेत गाठ आहे."

आईनं वळून पाहिलं.

"लंगोटाखाली बांधून ठेवतो. गरडीत अंघोळीच्या वेळी मी बघितली. बाहेर येते, मग तो हातानं आत ढकलतो आणि वरून लंगोट आवळतो. मला म्हणाला होता, घरात बोललास तर जीव घेईन."

"कधीपासून?"

आईनं आपल्या भावाची पाठ पाहिली होती, नवऱ्याची छाती पाहिली होती, मुलांना जन्म दिला होता. पण त्या घरात दिवा मालवल्याशिवाय नवरा बायकोसमोर धोतर सोडत नसे. तिला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ती मला म्हणाली, "जा, डॉक्टरांना आण. पळ."

गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या तमिळ डॉक्टरांचा दवाखाना होता. मी ओढतच आणलं त्यांना. तोवर चिक्कप्पांनी खांद्यानं दार फोडलं होतं. अण्णा कोपऱ्यात पाठ लावून बसले होते आणि त्यांच्या हातात खिडकीचा लोखंडी गज होता. तो त्यांनी चौकटीतून उपसून काढला होता. डॉक्टर खाली वाकले. मोडक्या कानडीत म्हणाले, "मी फक्त हात लावून बघतो."

त्यांनी धोतराला हात घातला आणि अण्णांनी त्यांच्या छातीवर लाथ घातली. म्हातारा माणूस दारापर्यंत कोलमडत गेला. चष्मा फुटला. पण उठून, छाती धरून, त्यांनी आईला जे सांगायचं ते सांगितलं. आतडं बाहेर येऊन अडकलं आहे, आता ते हातानं आत जाणार नाही, आणि आजच पोट उघडलं नाही तर ते आतल्या आत कुजेल. "मग मला बोलावू नका," ते म्हणाले, "कुणालाच बोलावू नका."

"मी जाणार नाही," अण्णा ओरडले. "इथंच मरेन. माझ्या घरात मरेन. जो हात लावेल त्याचं डोकं फोडीन. होगो! सगळे बाहेर व्हा!"

चिक्कप्पा पुढे झाले. "अण्णा, ऐक. मी बरोबर येतो."

गज त्यांच्या दंडावर बसला. चिक्कप्पा कळवळून मागे आले. पुन्हा पुढे गेले, पुन्हा मार खाल्ला, या वेळी खांद्यावर. त्यांना सहज गज हिसकावता आला असता. निम्मी ताकद उरलेला माणूस होता समोर. पण त्यांचा हातच उठेना. ते रडायला लागले. "अण्णा, मी तुझ्या पाया पडतो रे."

तेव्हा आई बोलली. दिरासमोर कधी पदर ढळू न देणारी, त्यांच्याशी कामापुरतं बोलणारी माझी आई. "भावजी, पाया पडू नका. मारा त्यांना."

चिक्कप्पा तिच्याकडे बघतच राहिले.

"मारा म्हणते ना! नाहीतर मी मारते."

घणाचा एक जुना दांडा दाराला अडसर म्हणून ठेवलेला असे. चिक्कप्पांनी तो उचलला आणि पहिला घाव अण्णांच्या मनगटावर घातला. गज खणकन पडला. अण्णा तशा अवस्थेतही उठले आणि त्यांनी भावाची मान पकडली. दोघं भिंतीवर आदळले, देवळीतला दिवा पडला, तेल सांडलं, त्या तेलात दोघं घसरले. चिक्कप्पांनी दुसरा घाव त्यांच्या नडगीवर घातला आणि तिसरा मानेच्या मागे. अण्णा पालथे पडले. मी किंचाळले असेन. घसा नंतर दुखत होता. चिक्कप्पा त्यांच्या पाठीवर बसले, आईनं आपलंच लुगडं दोरीवरून ओढलं आणि दोघांनी मिळून अण्णांचे हात बांधले. आईनं गाठ मारताना दातांनी आवळली.

गल्लीतली सगळी माणसं दारात उभी होती. त्यांच्या देखत आमच्या अण्णांना, गरडीच्या उस्तादाला, भावानं आणि बायकोनं जटक्यात, म्हणजे टांग्यात, टाकलं. मी पुढे घोडेवाल्याशेजारी बसले. मागे अण्णा भानावर आले आणि त्यांनी चिक्कप्पांच्या हाताला कडकडून चावा घेतला. चिक्कप्पांनी हात सोडवून घेतला नाही. तसाच त्यांच्या तोंडात राहू दिला. कोपरापर्यंत रक्त आलं तरी ते घोडेवाल्याला म्हणत होते, "जोरात घे अप्पा, जोरात."

सरकारी हॉस्पिटलात अण्णांना आत नेलं. भूल देईपर्यंत त्यांनी आणखी एका वॉर्डबॉयला लाथाडलं. मग दार लागलं आणि आम्ही व्हरांड्यात बसलो. चिक्कप्पांच्या हाताला नर्स पट्टी बांधायला आली तर ते म्हणाले, "बेडा, राहू दे." आईनं त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्यानं हात पुढे केला.

तिथे त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली. माझे आजोबा लहान असताना बंगलोरात प्लेग आला होता. शिपाई घराघरांत शिरत, पुरुषांना अंगणात उभं करत आणि काखा, जांघा चाचपून बघत. आजोबांच्या थोरल्या भावाच्या जांघेत गाठ निघाली. बायकांसमोर त्याचं धोतर फेडलं होतं. त्याला फरफटत गावाबाहेरच्या छावणीत नेलं, घरावरची कौलं उतरवली, अंथरुणं जाळली. तो परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही. "आमचा बाप आम्हाला मातीत उतरवायच्या आधी हे सांगायचा," चिक्कप्पा म्हणाले. "जांघेत काही झालं तर मला सांगा, नाहीतर कुणालाच सांगू नका. बाप मेला. मग सांगायचं कुणाला?"

"पण प्लेग नाही हा," मी म्हणाले. "अण्णांना एवढं कळत नाही?"

"कळतं गं. कळून काय होतं?"

संध्याकाळी सर्जन बाहेर आले. आतड्याचा वीतभर तुकडा काळा पडला होता, तो कापून टाकावा लागला होता. माणूस जगेल असं वाटतं, म्हणाले. मग आईवरच डाफरले, "ही गाठ पोटातल्या मुलासारखी वाढली असेल, इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" आईच्या अंगावर तेलानं माखलेल्या लुगड्यावरून शेजारणीची चादर होती आणि ती तिनं घट्ट ओढून घेतली.

अण्णा जगले. जखम पिकली, ताप चढला, पुन्हा टाके उसवून धुवावी लागली, पण जगले. घरी आले तेव्हा ते दारातून वाकून आत शिरले, आणि पुढे तसेच थोडे वाकलेलेच राहिले. माझ्याशी बोलत, आईशी बोलत. ज्या आईनं "मारा" म्हटलं होतं तिच्या हातचं मऊ भात-सारू मुकाट्यानं खात. चिक्कप्पांशी मात्र एक शब्द नाही.

ते काही महिन्यांनी कारखान्यात जायला लागले तेव्हाही नाही. काम दोघांनाच करायचं असे. अण्णा हातोड्यानं जागा दाखवत, चिक्कप्पा घण मारत. थांबायचं असलं की अण्णा ऐरणीवर हातोडा आडवा टेकवत. सुरू करायचं असलं की कडेला टकटक करत. एवढीच त्यांची बोली. चिक्कप्पा दिवाळीला पाया पडायला येत. अण्णा पाय पुढे करत, तोंड भिंतीकडे. आई एकदा त्यांच्यावर भडकली, "त्यांनी जीव वाचवला तुमचा!" तेव्हा अण्णा म्हणाले, "जीव वाचवला, सरी, मान्य. पण गल्लीनं बघितलं. मी बांधलेला होतो."

मला वाटायचं, वर्ष दोन वर्षांत हे विरेल. विरलं नाही. माझं लग्न ठरलं, झालं. नवरा पुण्याचा, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर, राजाजीनगरला भाड्याच्या घरात राहणारा. माझ्या लग्नात दोघा भावांनी एकमेकांच्या समोरून पंक्तीला वाढलं आणि तरीही बोलले नाहीत.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. कारखान्यात ताक घेऊन गेले तर चिक्कप्पा गोणपाटांवर बसलेले. छातीवर मूठ धरलेली, बनियन भिजून अंगाला चिकटलेलं. गॅस झालाय म्हणाले. सोड्याची बाटली शेजारी होती. अण्णा भट्टीपाशी उभे राहून त्यांच्याकडे बघत होते. मग त्यांनी सांडशी खाली ठेवली आणि इतक्या वर्षांनी तोंड उघडलं.

"चल, तम्मा. दवाखान्यात चल."

चिक्कप्पांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते हसले. "आता बोललास होय? एवढं बोललास ना, झालो बघ मी बरा."

"ऊठ."

"स्वल्प पडतो. मग जाऊ."

"ऊठ म्हणतो ना!" अण्णांनी त्यांच्या बनियनला धरून उचललं. चिक्कप्पांनी त्यांना झटकलं. अजूनही त्यांच्यात जोर होता. अण्णा मागे ऐरणीवर आपटले, सावरले आणि त्यांनी घणाचा दांडा उचलला. डोक्यावर उचलला. मी बघत होते. चिक्कप्पा खालून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. दांडा तसाच हवेत राहिला. मग अण्णांनी तो हळूच खाली घेतला आणि मला म्हणाले, "रिक्षा बघ."

मी रिक्षा घेऊन आले तोवर चिक्कप्पा एका कुशीवर वळले होते. अण्णा त्यांची छाती दोन्ही मुठींनी बडवत होते, लोखंडावर मारावं तशी, आणि ओरडत होते, "ऊठ रे! ऊठ रे, हरामखोरा!" कामगारांनी त्यांना ओढून काढलं. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला होता. चिक्कप्पांना ते लागलं नसणार, ते आधीच गेले होते.

तेराव्यापर्यंत अण्णा घरात बसून राहिले. एका दुपारी आईला म्हणाले, "त्याला मला मारता आलं. मला त्याला मारता आलं नाही." एवढंच.

त्यानंतर ते लोकांना धरायला लागले. गल्लीत कुणी खोकलं, लंगडलं, पोट धरून बसलं की अण्णा त्याची कॉलर पकडत. शिंप्याला त्याच्या दुकानातून ओढून बाहेर काढलं, कारण त्याच्या मानेवर सूज होती. शिंप्यानं कात्री उगारली. अण्णांच्या तळहातावर वार बसला, तरी त्यांनी त्याला त्याच म्हाताऱ्या तमिळ डॉक्टरांसमोर नेऊन आदळलं. कारखान्यातला एक पोऱ्या ताप लपवून आला म्हणून त्याला इतकं बदडलं की डॉक्टरांना आधी ताप बघावा की वळ, हे कळेना. लोक त्यांना चुकवायला लागले. गल्लीतले आजारी पुरुष त्यांच्यासमोरून ताठ चालत जात.

आणि मग ते एकदा राजाजीनगरला आमच्याकडे आले. माझ्या नवऱ्याला कितीतरी दिवस ताप होता. तो रोज कसली तरी तापाची गोळी घेऊन कामावर जाई. "फ्लू आहे, आपोआप जाईल. इन्स्पेक्शन चालू आहे, आत्ता रजा नाही," हे त्याचं रोजचं. शिकलेला माणूस, घरात इंग्रजी पेपर. माझं त्याच्यापुढे चालत नव्हतं. त्या सकाळी तो भिंतीला हात लावून बुटाची नाडी बांधत होता आणि अण्णा दारात उभे राहून बघत होते.

"जावईबापू, चला डॉक्टरकडे."

"अण्णा, तुम्ही बसा ना. चहा घ्या. मी संध्याकाळी दाखवतो."

अण्णांनी त्याच्या कानशिलात मारली. चष्मा उडून मोरीपाशी गेला. आमच्याकडे जावयाचे पाय धुतात. तो भिंतीवर आदळून तसाच उभा राहिला, गालावर बोटं उमटलेली, आणि मला वाटलं आता माझा संसार संपला. अण्णांनी दुसऱ्या हातानं त्याचा टाय धरला आणि जिन्यावरून खाली ओढत नेलं. त्याच्या एका पायात बूट होता, एकात नव्हता. शेजारचे दार उघडून बघत होते.

टायफॉइड निघाला. डॉक्टर म्हणाले, आतड्याला भोक पडायच्या बेतात होतं. नवऱ्याला भरती करून घेतलं. बरा व्हायला वेळ लागला. गालावरचा वळ दोन दिवसांत गेला, पण तो अण्णांना पुढे कित्येक महिने 'नमस्कार' याखेरीज काही म्हणाला नाही.

त्या दिवशी त्याला सलाइन लावल्यावर कंपाउंडर बाहेर आला. अण्णा जिना चढून आल्यामुळे अजून धापा टाकत होते. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांतून वर आले होते. कंपाउंडर म्हणाला, "अप्पा, इथं आलाच आहात तर तुमचंही ब्लडप्रेशर बघून घेऊ या का? दोन मिनिटांचं काम."

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं. हात मागे बांधले.

"मला काय झालंय?" म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागले.